‘लिंचियन’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिड लिंच जानेवारी २०२५ मध्ये गेला, ७९वा वाढदिवस चार-पाच दिवसांवर असताना. त्या आठवड्यात इंग्रजी मृत्युलेख वाचावा तर ‘लिंचियन’ हा शब्द हटकून समोर यायचा. आमच्या फिल्म सोसायटीत उपशीर्षकांचं भाषांतर माझ्याकडे असतं, त्यामुळे या शब्दाबद्दलच्या शंकाही माझ्याकडेच आल्या. अजून येतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

अगदी थोडक्यात सांगा, ‘लिंचियन’ म्हणजे काय?

विशेषण आहे. अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच याच्या आडनावावरून बनलेलं. रोजचं, ओळखीचं, घरगुती वातावरण आणि त्याच्या पोटात दडलेलं काहीतरी भयंकर, ही दोन्ही एकाच वेळी जाणवली की इंग्रजीत त्याला लिंचियन म्हणतात. फक्त सिनेमालाच नाही. रस्ता, हॉटेलची लॉबी, वर्तमानपत्रातली बातमी, एखाद्याचं हसू, कशालाही.

हा शब्द शब्दकोशात आहे की समीक्षकांनी आपापसात चालवलाय?

आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने ऑक्टोबर २०१८ मध्ये सिनेमाशी संबंधित शब्दांची मोठी खेप आत घेतली, त्यात ‘लिंचियन’ होता. सोबत क्युब्रिकियन, स्पीलबर्गियन, टॅरंटिनोएस्क ही इतर दिग्दर्शकांच्या आडनावांवरून बनलेली भावंडंही होती. शब्द अर्थातच त्याआधी कितीतरी वर्षं चालू होता. कोशवाले वरातीच्या शेवटी येतात, ते त्यांचं कामच आहे.

‘विचित्र’ म्हटलं तर काय बिघडतं?

बिघडतं. सगळा घोळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘ब्लू व्हेल्वेट’ (१९८६) या चित्रपटाची पहिली दोन-तीन मिनिटं आठवा. निळं आकाश, पांढरं कुंपण, लालभडक गुलाब. अग्निशमन दलाची गाडी जाते आणि तिच्यावरचा माणूस आपल्याला हात करतो. शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. एक गृहस्थ हिरवळीला पाणी घालतायत. इतकं गोड की दात शिवशिवावेत. मग त्या गृहस्थांना झटका येतो, ते कोसळतात, हातातल्या नळीचं पाणी उडतच राहतं आणि कुत्रं ते पाणी प्यायला बघतं. कॅमेरा मात्र त्यांच्याकडे थांबत नाही. तो गवतात शिरतो, खाली, आणखी खाली, आणि तिथे काळे किडे एकमेकांवर तुटून पडलेले असतात. आवाज वाढत जातो.

यात ‘विचित्र’ असं वेगळं काढून दाखवता येईल असं काय आहे? किडे तर प्रत्येक गवतात असतात. लिंच बाहेरून काही आणत नाही. भूत नाही, शाप नाही, परग्रहावरचं कुणी नाही. हिरवळ छान आहे हे खरं, आणि हिरवळीखाली ते चाललंय हेही खरं. दुसरं कळल्यामुळे पहिलं खोटं ठरत नाही, ही त्यातली गंमत. बरेच लोक इथे ‘गोड मुखवटा आणि कुरूप चेहरा’ असं समीकरण मांडतात. मला ते पटत नाही. मुखवटा काढता येतो. इथे काढायला काही नाही.

अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस १९९६ मध्ये ‘प्रीमिअर’ मासिकासाठी लिंचच्या ‘लॉस्ट हायवे’च्या सेटवर गेला होता. लिंचची मुलाखत त्याने घेतलीच नाही. लिंच पहिल्यांदा दृष्टीस पडला तो झाडावर लघवी करताना, असं तो लिहितो. पण त्या लेखात त्याने या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्याशिवाय आजही कुणाचं पान हलत नाही. तिचा आशय असा: लिंचियन हा एका खास जातीचा उपरोध आहे, अतिभीषण आणि अतिसाधं ही दोन अशा रीतीने एकत्र येतात की भीषण हे पहिल्यापासून साध्याच्याच पोटात होतं, हे उघडं पडतं. उदाहरण म्हणून त्याने एका कुख्यात खुन्याचा फ्रिज दिला. बळींचे अवयव नीट वेगवेगळे करून ठेवलेले आणि त्यांना लागूनच चॉकलेट मिल्क. दुसऱ्या तितक्याच कुख्यात खुन्याला मात्र त्याने हे विशेषण नाकारलं. खून किती क्रूर यावर ते ठरत नाही, शेजारी दूध आहे की नाही यावर ठरतं.

आपल्याकडचं एखादं उदाहरण द्या ना.

मनातलं देतो. सोसायटीत गणपती बसलाय. संध्याकाळची आरती, टाळ, कापराचा वास, शेजारच्या काकूंनी आणलेले उकडीचे मोदक. खाली पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी चार दिवस उभी आहे, काचा बंद, आत बारीक आवाजात जुनं भावगीत चालू. वॉचमन रोज सकाळी ती गाडी पुसतो. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणतो, “साहेबांची.” कुठल्या साहेबांची हे पुढे कुणी विचारत नाही, कारण आरतीला उशीर होतोय.

हे लिंचियन. त्याच गाडीतून अमावास्येला पांढरी साडी नेसलेली बाई उतरली, तर ती भुताची गोष्ट झाली. चांगली असेल, पण लिंचियन नाही. आणि गाडीत मृतदेह सापडून इन्स्पेक्टरसाहेब तपासाला आले की तो रहस्यपट.

मग ‘काफ्काएस्क’ आणि ‘लिंचियन’ यांत फरक काय? दोन्ही घुसमटीचेच ना?

‘काफ्काएस्क’ हा लेखक फ्रान्झ काफ्काच्या आडनावावरून बनलेला शब्द. घुसमट वेगळ्या जागी होते. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, तिथले म्हणतात फाइल वर गेली, वरचे म्हणतात आलीच नाही, आणि आपला अर्ज कशासाठी होता हेच आपण विसरतो: हे काफ्काएस्क. तिथे माणूस व्यवस्थेपुढे असहाय असतो. लिंचियन भीती कचेरीत नसते, ती दिवाणखान्यात असते. व्यवस्था सुरळीत चाललेली असते, कॉफी गरम असते, चेरी पाय उत्तम झालेला असतो.

‘मॉब लिंचिंग’मधलं लिंच आणि हे लिंच एकच का?

हा प्रश्न दबकत विचारला जातो, पण तो अगदी रास्त आहे. मराठी वाचकाला ‘लिंच’ ही अक्षरं दिग्दर्शकामुळे माहीत झालेली नाहीत, बातम्यांमुळे झाली आहेत. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, तेव्हा हा शब्द प्रत्येक घरात पोहोचला. ‘झुंडबळी’ हा मराठी शब्दही आपण तयार केला, छापलाही. तरी बोलताना लिंचिंगच येतं.

आडनाव एकच, माणसं वेगळी. क्रियापद ‘लिंच लॉ’ या शब्दप्रयोगातून आलं आणि तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या व्हर्जिनियातून. कुठल्या लिंचवरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन दावेदार आहेत. एक चार्ल्स लिंच, जमीनदार आणि स्थानिक न्यायाधिकारी. १७८०च्या सुमारास इंग्लंडच्या राजाशी निष्ठा ठेवणाऱ्यांना त्याने रीतसर खटल्याशिवाय शिक्षा दिल्या. त्या शिक्षा बहुतेक फटक्यांच्या आणि जप्तीच्या होत्या, फाशीच्या नव्हेत. १७८२मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने वेगळा कायदा करून त्याला त्यातून मोकळं केलं. दुसरा विल्यम लिंच, त्याच राज्यातल्या पिट्सिल्व्हेनिया परगण्यातला. त्यानेही शेजाऱ्यांना घेऊन असाच परस्पर न्याय चालवला होता. दोराचा आणि झाडाचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला, आणि यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या काळ्या माणसांच्या हत्यांनी तो कायमचा रक्ताळला. संघराज्याच्या पातळीवर लिंचिंगविरोधी कायदा व्हायला अमेरिकेला मार्च २०२२ उजाडावं लागलं. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा वगैरे कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळं स्थान आहे. ‘लिंचिंग’ हा शब्द मात्र त्या कलमात नाही.

चार्ल्सच्या जॉन नावाच्या भावाने व्हर्जिनियातच एक गाव वसवलं. त्याचं नाव लिंचबर्ग. एका भावाच्या नावाने शहर, दुसऱ्याच्या नावाने बहुधा हे क्रियापद. वाटणी म्हणावी तर अशी.

आडनावाचा मूळ अर्थ काय?

आयरिश आडनाव आहे. त्याचं एक मूळ गेलिक भाषेतल्या ‘लोंगशाख’च्या जवळपासच्या शब्दात आहे, म्हणजे दर्यावर्दी, खलाशी. ‘लाँग’ म्हणजे जहाज. कोकणात जन्मला असता तर हा माणूस डेव्हिड तांडेल झाला असता.

इंग्रजी वाचकाला ‘लिंचियन’ वाचताना ते दुसरं लिंच आठवत नाही का?

सहसा नाही, आणि त्यात लिपीचा हात आहे. इंग्रजीत माणसाच्या नावावरून क्रियापद बनलं की ते लवकरच पहिलं मोठं अक्षर टाकून देतं. ‘बॉयकॉट’ बघा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या एका जमीनमालकाचा कारभारी. १८८०मध्ये कुळांनी त्याच्यावर बहिष्कार घातला आणि त्याचं आडनाव क्रियापद होऊन बसलं. आज ते लहान अक्षराने लिहितात, माणूस विसरला गेला. ‘लिंच’ या क्रियापदाचंही तेच झालं. विशेषणं मात्र आपल्या माणसाला धरून असतात, म्हणून ‘लिंचियन’चा ‘एल’ मोठाच राहतो. डोळ्याला फरक दिसतो.

देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. त्यामुळे मराठीत हा शब्द पहिल्यांदा वापरताना एकदा पूर्ण ‘डेव्हिड लिंच’ लिहावं, मग पुढे मोकळं सुटावं. मी एकदा एका टिपणात नुसतं ‘लिंचियन दुपार’ लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी फोन करून काळजीने विचारलं, कुठे काय झालंय?

‘लिंचियन’च का? ‘लिंचेस्क’ का नाही?

‘लिंचेस्क’ही अधूनमधून दिसतं, पण रुळलं नाही. ‘-इयन’ हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय, ‘-एस्क’ हा इटालियन ‘-एस्को’वरून फ्रेंचमार्गे आलेला. ‘ग्रोटेस्क’, ‘अरबेस्क’ त्याच घरचे. साधारण कल असा की नावाच्या शेवटी स्वर असेल तर ‘-एस्क’ बरा बसतो: फेलिनीएस्क, टॅरंटिनोएस्क, काफ्काएस्क. शेवटी व्यंजन असेल तर ‘-इयन’: हिचकॉकियन, क्युब्रिकियन, लिंचियन. नियम म्हणू नका, कारण ‘बर्गमनेस्क’ आणि ‘ऑल्टमनेस्क’ लगेच तो मोडायला हजर आहेत. कानाला जे बसतं ते टिकतं.

लिंचने काढलेला प्रत्येक चित्रपट लिंचियन असतो का?

नाही, आणि शब्द खरंच कमावता झालाय याचा हाच पुरावा. ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) घ्या. एक म्हातारा आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला जातो, सत्यघटना आहे. डिस्नीने प्रदर्शित केला, लहान मुलांनाही चालेल असं प्रमाणपत्र मिळालं. लिंचचाच, आणि माझा अत्यंत लाडका, पण लिंचियन म्हणायला जीभ अडखळते. ‘ड्यून’ (१९८४) तर त्याने स्वतःच मनातून काढून टाकला होता. उलट ज्यांचा लिंचशी काडीचाही संबंध नाही अशा कितीतरी मालिका, जाहिराती आणि निवडणूक सभा लिंचियन असतात.

धुकं, लाल पडदे, उलटं बोलणारा माणूस म्हणजे लिंचियन ना?

ती ‘ट्विन पीक्स’ची सजावट. एप्रिल १९९० मध्ये ही मालिका अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आली आणि लाल पडद्यांची खोली जगभर गाजली. त्या खोलीतलं बोलणं चमत्कारिक वाटतं कारण नटांनी वाक्यं उलटी पाठ करून म्हटली आणि ध्वनिफीत पुन्हा उलटी फिरवली. छान युक्ती आहे. पण पडदे लावले म्हणून कुणी लिंच होत नाही. ‘मुलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये (२००१) सगळ्यात घाबरवणारा प्रसंग भर दुपारी, लख्ख उजेडात, एका साध्या उपाहारगृहात आणि त्याच्या मागच्या बोळात घडतो. एक माणूस दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगतोय, बस इतकंच. मग दोघं ते खरं आहे का बघायला उठतात.

शब्दात आवाजाचाही समावेश होतो?

व्हायला हवा. ‘इरेझरहेड’ (१९७७) लिंच आणि ध्वनिसंयोजक ॲलन स्प्लेट यांनी मिळून घडवला. त्यातला यंत्रांचा, वाफेचा, कुठूनतरी अखंड येणारा घोंघाट काढला तर अर्धा चित्रपट जातो. जुन्या इमारतीत रात्री पंप चालू असतो आणि तो बंद झाल्यावरच आपल्याला कळतं की इतका वेळ काहीतरी चालू होतं, तसा तो आवाज. पुढे संगीतकार अँजेलो बादालामेंती जोडीला आला आणि घोंघाटावर साखरेचा पाक चढला.

स्वतः लिंचला हा शब्द कसा वाटायचा?

तो अर्थ सांगण्याच्या भानगडीत पडायचा नाही. ‘इरेझरहेड’ हा माझा सर्वांत आध्यात्मिक चित्रपट आहे, असं तो एकदा म्हणाला. मुलाखतकाराने जरा उलगडून सांगा म्हटलं, तर उत्तर आलं, “नाही.” त्याचं आवडतं वाक्य होतं की लक्ष डोनटवर ठेवा, भोकावर नको. निधनाची बातमी देताना कुटुंबीयांनी तेच उद्धृत केलं.

त्याचा भारताशी काही संबंध?

आहे. १९७३ पासून तो महर्षी महेश योगींच्या पद्धतीने रोज ध्यान करत असे, २००५ मध्ये त्याने ध्यानाच्या प्रसारासाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली, आणि २००८ मध्ये महर्षींच्या अंत्यविधीला तो भारतात आला होता. इतके किडे, इतका अंधार दाखवणारा माणूस दिवसातून दोनदा शांत बसायचा. काहींना यात विसंगती दिसते. मला तर हेही, क्षमा करा, लिंचियनच वाटतं.

इतर दिग्दर्शकांच्या आडनावांचे अर्थ एका दमात सांगाल?

हिचकॉकियन: टेबलाखाली बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत, बसलेल्यांना नाही. क्युब्रिकियन: थंड, मोजूनमापून, सगळ्या रेषा मधोमध एका बिंदूकडे धावणाऱ्या. काप्राएस्क: साधा माणूस बड्यांना पुरून उरतो आणि शेवटी गाव पाठीशी उभं राहतं. फेलिनीएस्क: जत्रा, सर्कस, बायका, पाद्री, स्वप्न, सगळं एकाच फ्रेममध्ये.

मराठीत कसं लिहायचं? कसं म्हणायचं?

माझी मतं इथे ठाम आहेत, तुमची वेगळी असू शकतात.

लिहायचं ‘लिंचियन’. यातला च तालव्य, ‘चिंच’मधला. ‘इ’च्या आधी मराठीत च तालव्यच होतो, त्यामुळे ‘लिंचियन’ म्हणताना चूक व्हायचा संभवच नाही. खरी कसरत षष्ठीत आहे. ‘लिंचचा सिनेमा’ म्हणून बघा. पहिला च ‘चिंच’मधला, लगेच पुढचा ‘चमचा’मधला. कागदावर एकच अक्षर लागोपाठ दोनदा, तोंडात दोन वेगळे आवाज. परप्रांतीय मित्राला हे वाक्य म्हणायला लावा, मजा येईल.

प्रतिशब्दांचं म्हणाल तर ‘मर्ढेकरी कविता’ या चालीवर ‘लिंची’ करता येईल, पण तो लिचीच्या सरबतासारखा ऐकू येतो. ‘लिंचीय’ विद्यापीठाच्या प्रबंधात शोभेल. ‘लिंचछाप’ मला आवडतो, मात्र मराठीत ‘छाप’ लागलं की मालाचा दर्जा उतरतो. ‘लिंचछाप’ म्हणजे नक्कल. तेव्हा नक्कल करणाऱ्यांसाठी तो राखून ठेवावा, उपयोग भरपूर होईल.

माणसाच्या नावावरून शैलीचं नाव ही मुळात इंग्रजी सवय आहे का?

मुळीच नाही. ‘हेमाडपंती’ हा काय प्रकार आहे? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत, आणि चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधलेली देवळं. आता त्यातली कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत, त्याने बांधलेली तर नाहीतच, तरी गावोगावचा माणूस काळं दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणतो. ‘लिंचियन’चंही नेमकं हेच होतंय. जरा धूसर, जरा न कळणारं काही दिसलं की चिकटवला शब्द.

मग मराठी दिग्दर्शकांच्या आडनावांची विशेषणं का नाहीत?

‘दादा कोंडके छाप विनोद’ आहे की! ऐकणाऱ्याला दोन शब्दांत सगळं कळतं. व्ही. शांताराम यांच्याबाबतीत तर आडनावच वापरात आलं नाही. ते वणकुद्रे होते हे कोल्हापूरबाहेर किती जणांना ठाऊक असतं? समीक्षेत आपण ‘अमुक यांची शैली’ म्हणून भागवतो. आदरार्थी बहुवचनाला प्रत्यय लावायला जीव धजत नसावा, असा माझा अंदाज.

चित्रपट परीक्षणात मी हा शब्द वापरू का?

वापरा, पण लिहून झाल्यावर त्या जागी ‘गूढ’ टाकून बघा. वाक्य तसंच उभं राहिलं तर ‘गूढ’च राहू द्या. शब्द स्वस्तात गेला की मग खरोखर गरज पडेल तेव्हा त्यात काही उरत नाही.

लिंच पाहिलाच नाही. सुरुवात कुठून करू?

‘ब्लू व्हेल्वेट’. मग ‘मुलहॉलंड ड्राइव्ह’. ‘इनलँड एम्पायर’ (२००६) तीन तासांचा आहे, त्याने सुरुवात केलीत तर मला फोन करू नका. हेडफोन लावा. आणि जेवण आधी उरकून घ्या, कारण ‘इरेझरहेड’मध्ये सासुरवाडीच्या जेवणाचा एक प्रसंग आहे, त्यात ताटात छोटी भाजलेली कोंबडी असते. बाकी बघालच.